नव्या पत्रिकेतला मंगळ

श्रावणात माझी लेक चार दिवस माहेरी आली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गव्हले वळत बसले होते. तिने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आई, हे वाच. माझं काय बिनसलंय ते मला कळलं."

मी चष्मा लावून वाचले. वीस प्रश्न होते. 'जोडीदार फार जवळ आला की तुम्हांला गुदमरल्यासारखे होते काय?' अशा धर्तीचे. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. सगळी उत्तरे दिली की खाली निकाल येतो. माझ्या लेकीचा निकाल होता 'अव्हॉयडंट अटॅचमेंट स्टाइल', म्हणजे जवळीक टाळणारी. त्याखाली चार ओळींत कारणही दिले होते: अशा व्यक्तींची लहानपणी आईकडून भावनिक उपेक्षा झालेली असते.

"तू मला वाईला आजीकडे ठेवलं होतंस ना," लेक म्हणाली, "त्याचं हे."

तिच्या आवाजात राग नव्हता. वर्षानुवर्षांच्या दुखण्याचे नाव एखाद्या डॉक्टरने अखेर सांगावे आणि रोग्याला हायसे वाटावे, तसे तिला वाटत होते. तिच्या लग्नाला चौदा वर्षे झाली आहेत. गेले आठ महिने नवराबायको एका घरात राहून कामापुरते बोलतात. वकिलाचे नाव दोनदा निघाले आहे. तेव्हा ही थट्टेवारी नेण्याची गोष्ट नव्हती. नाही तर मी हसून सोडून दिले असते आणि गव्हले वळत राहिले असते.

मला राग आला, हे आधीच सांगून टाकते. आरोपीने स्वतःच्या खटल्यावर लेख लिहू नये असा संकेत असेल तर तो मी मोडते आहे. पण राग आला की वाचावे, ही मला नोकरीत लागलेली सवय. वरिष्ठांचा मेमो आला की आधी नियमांचे पुस्तक काढायचे आणि मग उत्तर लिहायचे. तसे मी गेले दोन महिने ह्या 'स्टाइल'चे नियमांचे पुस्तक वाचले. आता उत्तर लिहिते आहे.

ह्या सगळ्याच्या मुळाशी जॉन बोल्बी नावाचे इंग्रज मनोविकारतज्ज्ञ आहेत. जन्म १९०७, मृत्यू १९९०. १९५१ साली त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी घरदार सुटलेल्या मुलांविषयी एक अहवाल लिहिला. तान्ह्या मुलाला अन्नाइतकीच एका माणसाच्या सततच्या मायेची गरज असते, हे त्याचे सार. आपल्याला ह्यात नवे काही वाटणार नाही. पण त्या काळी इंग्लंडातल्या कित्येक इस्पितळांत आजारी मुलाला भेटायला आईबापांना आठवड्यातून एखादाच दिवस येऊ देत; आई आली की मूल रडते आणि शिस्त बिघडते, म्हणून. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन ह्यांनी १९५२ साली एक चित्रपट दाखवला. त्यात एक अडीच वर्षांची मुलगी आठ दिवस इस्पितळात एकटी आहे. ती आक्रोश करीत नाही. ओठ घट्ट मिटून आपले खेळणे कवटाळून बसते, आणि आई भेटायला आली की तोंड फिरवते. डॉक्टरमंडळी आधी त्या चित्रपटावर संतापली. पण १९५९ साली सरकारी समितीनेच शिफारस केली की आईबापांना मोकळेपणी येऊ द्यावे. एवढे एक काम ज्या शास्त्राने केले त्याला मी नमस्कार करते. माझे भांडण त्याच्याशी नाही. त्याच्या नावावर आज मोबाइलमध्ये जो बाजार मांडला आहे, त्याच्याशी आहे.

शैलींची ही नावे आली मेरी एन्सवर्थ ह्या बाईंच्या कामातून. त्या आधी युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत आयाबाळांमध्ये हिंडल्या, मग अमेरिकेत बाल्टिमोरला आल्या. तिथे २६ घरे निवडून त्यांनी व त्यांच्या मदतनिसांनी बाळाचे पहिले वर्ष घरी जाऊन पाहिले. एकेका घरात सुमारे ७२ तास. आणि मूल वर्षाचे झाल्यावर तो प्रसिद्ध वीस मिनिटांचा प्रयोग. अनोळखी खोली, खेळणी, आई दोनदा थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. पाहायचे असते ते ती गेल्यावर मूल रडते की नाही हे नव्हे; ती परत आल्यावर ते काय करते, हे. काही मुले आईकडे झेपावतात, शांत होतात आणि पुन्हा खेळायला लागतात. काही चिकटतात, पण शांत होत नाहीत, लाथा झाडतात. काही आईकडे पाहतच नाहीत, जणू ती आलीच नाही. निर्धास्त, धास्तावलेली आणि टाळणारी असे हे तीन गट.

एक गोष्ट इथे नीट पाहावी. हा शेरा मुलावर नव्हता. त्या मुलाचे आणि त्या एका माणसाचे त्या वयात काय नाते आहे, ह्यावर होता. तेच मूल आईशी एक आणि बापाशी दुसरे वागते, असेही नंतर दिसून आले. जपानात सापोरोला हाच प्रयोग केला तेव्हा धास्तावलेल्या गटात कितीतरी जास्त मुले निघाली. तिथल्या आया बाळाला क्षणभरही एकटे टाकत नव्हत्या, म्हणून ती तीन मिनिटे त्या बाळांना प्रलयासारखी वाटली. १९८८ साली दोघा डच संशोधकांनी आठ देशांतले असे निकाल एकत्र मांडले. त्यांना दोन देशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या दोन पाहण्यांतला फरक जास्त आढळला. इतक्या जपून वापरायचे हे माप आहे.

मग हे बाळांवरून नवराबायकोवर कसे आले? त्याची गंमत ऐका. अमेरिकेत डेन्व्हर शहरच्या एका दैनिकात दोघा संशोधकांनी प्रेमाविषयीची एक प्रश्नावली छापली. तीन छोटे परिच्छेद. 'तुम्हांला लागू पडेल त्यावर खूण करून पाठवा.' आपल्याकडे साप्ताहिकांत 'तुमचा स्वभाव ओळखा' म्हणून यायचे, त्यातलाच प्रकार. १९८७ साली त्यांनी ६२० उत्तरांचा हिशेब प्रसिद्ध केला: ५६ टक्के निर्धास्त, २५ टक्के टाळणारे, १९ टक्के धास्तावलेले. बाळांच्या प्रमाणाशी हे आकडे बरेचसे जुळले आणि कल्पनेला पंख फुटले. त्या दोघांना दोष देत नाही. आपले साधन किती तोकडे आहे हे त्यांनी त्याच निबंधात सांगितले होते. पण साधन तोकडे असल्याची टीप मोबाइलपर्यंत पोचत नाही. निकाल तेवढा पोचतो.

७२ तास घरात बसून पाहिलेले एकीकडे, आणि जेवणाच्या सुट्टीत तीन मिनिटांत दाबलेले आकडे दुसरीकडे. दोघांचे नाव मात्र एकच! माझ्या कचेरीत कोणी असली जमाखर्चाची नोंद केली असती तर ऑडिटरने वही फेकून दिली असती.

आपल्या लोकांना हे इतके पटकन का पटते, ह्याचे मला फार दिवस कोडे होते. मग ध्यानात आले की आपली सवयच ती आहे. छत्तीस गुणांपैकी किती जुळले हे पाहून लग्ने ठरवणारा हा समाज. मुलगी सासरी रमली नाही की पत्रिका काढायची आणि सातव्या घरातला मंगळ दाखवायचा. आता शिकलेल्या मुलामुलींना पत्रिकेची लाज वाटते, पण पत्रिकेची भूक काही गेलेली नाही. 'तो अँक्शस, मी अव्हॉयडंट, आमचं जमणार कसं?' हे वाक्य मी डोंबिवलीच्या लोकलमध्ये कानांनी ऐकले. 'त्याला मंगळ आहे' ह्याहून त्यात काय निराळे आहे? उलट जुन्या मंगळाला निदान शांत होती. ह्याला तीही नाही. आणि मंगळ बिचारा आकाशात दूर होता. हा नवा मंगळ घरात राहतो, गव्हले वळतो आणि त्याला 'आई' म्हणतात.

आम्हां मराठी लोकांनी आईला फार उंच बसवले. 'श्यामची आई' १९३५ साली आली, १९५३ साली तिचा चित्रपट झाला, आणि घरोघरच्या बायकांना त्या उंचीवरून आपले खुजेपण मोजण्याचा नाद लागला. जिला देव्हाऱ्यात बसवता येते तिला पिंजऱ्यात उभे करणे सोपे असते. दोन्हीकडे ती एकटीच असते. बाप देव्हाऱ्यातही नव्हता आणि पिंजऱ्यातही नाही.

बापाचा विषय निघालाच आहे तर बोलते. गिरणगाव कशावर उभे राहिले? कोकणातून, घाटावरून आलेला कामगार खानावळीत जेवायचा, एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने पथारी टाकायचे; बायकापोरे गावी. मुलाला बाप गणपतीला दिसायचा, नाही तर शिमग्याला. १९८२ च्या संपात माणसे गावी परतली तेव्हा कित्येक पोरांना बाप पहिल्यांदाच महिनोन्महिने घरात दिसला असेल. त्या पिढ्यांनी पुढे लग्ने केली, संसार केले. काही चांगले, काही वाईट. चाकरमान्याला 'भावनिक उपेक्षा करणारा' असे कोणी म्हटले नाही. तो पैसे पाठवीत होता ना! मग डोंबिवलीहून फोर्टात जाऊन पगार आणणारी आई तेवढी उपेक्षा करणारी कशी?

हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास बीड जिल्ह्यातली जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला निघालेली असतील. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता. त्यांची काही पोरे बरोबर फडावर जातील, काही उन्हाळ्यापर्यंत म्हाताऱ्या आजीआजोबांजवळ राहतील. तिथे जाऊन त्या आयांना शैली समजावून सांगण्याची छाती कोणाची असेल तर त्याने जरूर जावे. मुलाला आई हवी हे त्या बाईला ठाऊक नाही, असे का त्याला वाटते? तिला उचल फेडायची आहे. ज्या गोष्टीचा जाब मुकादमाला, कारखान्याला, सरकारला विचारायचा, ती आईच्या स्वभावात ढकलून दिली की सगळेच मोकळे होतात.

माझी लेक १९८३ साली झाली. १९६१ च्या कायद्याने मला बारा आठवड्यांची रजा मिळाली. (२०१७ पासून ती पहिल्या दोन मुलांना सव्वीस आठवडे झाली आहे, चांगले झाले.) बापाला एक दिवसही नव्हता. आज केंद्र सरकारच्या नोकराला पंधरा दिवस मिळतात. खाजगी नोकरीतल्या बापासाठी देशात अजूनही सरसकट कायदा नाही. तेव्हा आमची एक खोली, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पाळणाघर म्हणावे असे जवळपास काही नाही. काही महिने कसेबसे रेटले आणि सातव्या महिन्यात मी लेकीला वाईला माझ्या आईकडे ठेवले. पुढची अडीच वर्षे महिन्यातून एकदा रात्रीच्या एसटीने जात होते. आमचे हे त्या अडीच वर्षांत चार वेळा आले. मोबाइलच्या वीस प्रश्नांत त्यांच्याबद्दल एकही प्रश्न नव्हता. आपली बाजू मांडायला ते आता नाहीत, म्हणून जास्त लिहीत नाही.

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही स्वतःचे समर्थन करता आहात. लहानपणाचा काहीच परिणाम होत नाही काय? होतो. न व्हायला मूल म्हणजे का दगड आहे? अमेरिकेत मिनेसोटाला १९७० च्या दशकाच्या मध्यापासून गरीब घरांतल्या मुलांच्या मागे संशोधक जन्मापासून मोठेपणीपर्यंत चालत राहिले. त्यांना काय आढळले? वर्षाच्या वयातला बंध आणि विशीतले प्रेम ह्यांच्यात धागा आहे, पण तो सरळ नाही. तो शाळेतल्या सवंगड्यांतून जातो, सोळाव्या वर्षीच्या जिवलग मैत्रीतून जातो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला नवा पीळ बसू शकतो. ह्याच मुलांचा २०११ साली आलेला एक निबंध तर मी लेकीला वाचून दाखवला. जोडप्यांना आधी आपसांतल्या भांडणाच्या विषयावर बोलायला लावले, मग थोडा वेळ ज्यावर दोघांचे पटते त्यावर. काही जण भांडण तिथेच ठेवून पुढे येऊ शकले, काही त्यातच रुतून राहिले. ज्यांचा बाळपणीचा बंध निर्धास्त नव्हता, पण ज्यांचा जोडीदार भांडण मागे टाकून पुढे येणारा होता, त्यांची नाती दोन वर्षांनंतरही टिकलेली जास्त आढळली.

जोडीदार! मला हेच म्हणायचे होते. संसार दोघांचा असतो हे सांगायला मिनेसोटा कशाला हवे, असे तुम्ही म्हणाल. पण माझ्या लेकीच्या मोबाइलला ते ठाऊक नव्हते. जावई माणूस वाईट नाहीत. वाद झाला की त्यांना त्याच रात्री, त्याच घटकेला सोक्षमोक्ष हवा असतो, आणि माझी लेक उठून दुसऱ्या खोलीत जाते. ते दारापाशी उभे राहून बोलत राहतात. ती आतून कडी घालते. हे आठ महिने चालले आहे. ह्यातली कडी मी घातली असे मोबाइल म्हणतो. समजा घातली. ती काढायला मी पुण्याला जाऊ शकत नाही.

एवढे लिहून मी थांबणार होते. पण मेमोला उत्तर देताना आपल्याविरुद्धचा कागद दडवू नये, हेही त्याच नोकरीत शिकले.

वाईच्या स्टँडवर मी सकाळी उतरत असे. आई लेकीला घेऊन आलेली असे. पहिले काही महिने ती मला पाहून रडे. मग रडेनाशी झाली. आजीच्या निऱ्यांमागे उभी राही. मी बिस्किटांचा पुडा पुढे केला की घेई, पण माझ्याकडे पाहत नसे. तोंड फिरवून पुड्याकडे पाही. मी सोमवारी कचेरीत कौतुकाने सांगत असे, "अजिबात रडत नाही हो, फार गुणाची आहे." त्या इस्पितळातल्या मुलीविषयी वाचले, त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि त्यानंतरची गोष्ट. जून १९८६ मध्ये बालवाडीत घालायचे म्हणून मी तिला घेऊन आले. तो दिवस आमच्या घरात 'लेक घरी आली' म्हणून आजवर सांगितला जातो. खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती, मग झोपली. डोंबिवलीत आल्यावर कितीतरी दिवस ती संध्याकाळी चपला घालून दाराशी बसे. का गं, म्हटले की, "यष्टी येईल," म्हणे. रमेल हळूहळू, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. आठवड्याने आईचे कार्ड आले. त्यात पावसाचे होते, दुधाच्या भावाचे होते, आणि शेवटी एक ओळ होती की पोरीची वाटी मी माळ्यावर टाकली आहे, डोळ्यांसमोर नको.

बोल्बींना लहानपणी आई दिवसातून तासभर भेटे. त्यांना वाढवले ते एका दाईने, आणि ते चार वर्षांचे होण्याच्या आतच ती काम सोडून गेली. ते दुःख आई गमावल्यासारखेच होते, असे त्या माणसाने मोठेपणी म्हटले आहे. ग्लासगोत ६० बाळांची पाहणी १९६४ साली छापली गेली, तिच्यातही दीड वर्षाच्या बहुतेक मुलांचा जीव एकाहून जास्त माणसांवर जडलेला आढळला. म्हणजे माझ्यावर खटला भरायचाच तर तारीख बदलावी लागेल. मी लेकीला सोडून आले त्या दिवसाची नव्हे, मी तिला घेऊन आले त्या दिवसाची. तिची ताटातूट मी केली, आणि त्या दिवशी मी पेढे वाटले होते. हे कुठल्या प्रश्नावलीत बसते? 'तुमची आजी तुमच्यापासून केव्हा तोडली गेली?' असा प्रश्न त्या विसांत नाही. असता तर उत्तर द्यायला माझ्या लेकीला ते आठवतही नाही.

ह्याच शास्त्रात पुढे मेरी मेन नावाच्या बाई झाल्या. त्यांनी मोठ्या माणसांना लहानपणाविषयी तासभर बोलते केले. त्यांचे लक्ष लहानपण सुखाचे होते की दुःखाचे ह्याकडे कमी, आणि माणूस ते कसे सांगतो ह्याकडे जास्त होते: सरळ सांगतो, की गाळतो, की अजून त्यातच घुसमटतो. वाईट लहानपण असूनही ते नीट सांगू शकणारी माणसे त्यांना भेटली, आणि अशांची मुले निर्धास्त निघू शकतात असेही दिसले. पण सांगायला गोष्ट तर पाहिजे! माझ्या लेकीजवळ ती नव्हती. ती माझ्याजवळ होती, आणि चाळीस वर्षे मी ती 'गुणाची होती हो' एवढ्यात उरकत आले. मोबाइलच्या चार ओळींनी ती रिकामी जागा भरली, ह्यात नवल ते काय.

नवरात्रात मी तिला फोन करून स्टँडचे, चपलांचे, वाटीचे सगळे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटले फोन कटला. मग तिने विचारले, "आजी मग एकटीच होती का घरात?"

होती, म्हटले.

"आणि ती वाटी?"

वाटीचे मला माहीत नव्हते. वाईचे घर १९९८ साली विकले. पण माळ्यावरची भांडी मी गोणपाटात बांधून आणली होती, ती अजून आमच्या पोटमाळ्यावर आहेत. आता दिवाळीची साफसफाई निघालीच आहे, तेव्हा उतरवायला माणूस सांगितला आहे. पाडव्याला लेक येणार आहे. जावई बरोबर येणार की नाही ते तिने अजून कळवलेले नाही. मी चकलीची भाजणी दोघांच्या बेताने भाजली आहे.